नाकातल्या फवाऱ्याचे ‘निष्क्रिय’ घटक मानवी पेशींवर कसे तपासावेत

नाकात मारायच्या फवाऱ्याची बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं, तर औषधाच्या नावाखाली आणखी पाच-सहा नावं सापडतात: बेन्झाल्कोनियम क्लोराइड, डायसोडियम ईडीटीए, पॉलिसॉर्बेट ८०, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, ग्लिसरीन. यांना निष्क्रिय घटक म्हणायची पद्धत आहे. औषध म्हणून ते निष्क्रिय आहेत, हे खरं. पण पहिलं नाव जंतुनाशकांच्या घराण्यातलं आहे, फरशी पुसायच्या कितीतरी द्रावणांत ते असतं. फवाऱ्यात ते साधारण ०.०१ ते ०.०२ टक्के घालतात, बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून. जंतूचं आवरण फोडणारा रेणू नाकाच्या पेशीचं आवरण तेवढं ओळखून सोडून देईल, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

मग हा घटक किती, किती वेळ आणि कशासोबत चालतो हे शोधायचं कसं? प्राण्यांच्या नाकावरून पूर्ण अंदाज येत नाही. उंदराच्या नाकात वासाच्या अस्तराचा वाटा प्रचंड असतो, माणसाच्या नाकात तो वर छताशी छोटासा पट्टा असतो. म्हणून मानवी पेशींवर चाचण्या करतात. हा लेख त्या चाचण्या पहिल्यांदा मांडणाऱ्यांसाठी आहे: औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, किंवा पेशीसंवर्धन येतं पण नाकाशी कधी संबंध आलेला नाही असे लोक.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बहुतेक जण ९६ खणांच्या प्लेटमध्ये पेशी लावतात, घटक २४ तास ठेवतात, एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते रंगाने दाखवणारी चाचणी) करतात आणि ‘इतक्या टक्क्याला पेशी मरतात’ असं लिहून मोकळे होतात. नाकात कुठलाही थेंब २४ तास राहत नाही. सिलिया, म्हणजे पेशींवरचे हलणारे सूक्ष्म केस, श्लेष्मल थराला मिनिटाला साधारण ५-६ मिलिमीटर वेगाने घशाकडे ढकलत असतात, आणि साध्या द्रावणाचा निम्मा भाग १५ ते २० मिनिटांत निघून जातो. उलट बाजूने, पेशी जिवंत आहे म्हणजे अस्तर ठीक आहे असंही नाही. पेशी जिवंत आहे का, पेशींमधला बांध शाबूत आहे का, सिलिया हलताहेत का, आणि घटक धुऊन काढल्यावर सगळं पूर्ववत होतं का, हे चार वेगळे प्रश्न आहेत. एका चाचणीत चारही सुटत नाहीत.

पेशी कोणत्या घ्यायच्या

तीन पर्याय हाताशी असतात, आणि तिघांचंही काही ना काही उणं आहे.

आरपीएमआय २६५० ही मानवी नाकाच्या पडद्याच्या कर्करोगातून आलेली सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढतच राहणारा पेशींचा वंश. स्वस्त आणि सोशिक, भराभर वाढते. नाकाची म्हणून सगळे तिच्याकडे धावतात, पण तिला सिलिया नाहीत, श्लेष्मा जेमतेम, आणि तिचा बांध सैल असतो. हवेवर (खाली माध्यम, वर हवा) वाढवली तरी विद्युतरोध, जो बांध घट्ट असेल तितका जास्त येतो, चौरस सेंटिमीटरच्या हिशेबाने बऱ्याचदा शंभर ओहमच्या आसपासच घुटमळतो. खरं तर मानवी नाकाचं अस्तरही फार घट्ट नाही, त्यामुळे औषध आरपार जाण्याच्या अभ्यासाला ती वाईट नाही. विषारीपणाच्या पहिल्या चाळणीला तर उत्तम.

कालू-३ फुप्फुसाच्या कर्करोगातून आलेली आहे, नाकातून नव्हे. पण ती बांध घट्ट बांधते आणि हवेवर ठेवली की श्लेष्माही सोडते. एखाद्या घटकाने बांध किती सैल होतो हे मोजायचं असेल, तर आधी बांध पुरेसा घट्ट असायला हवा. तिथे कालू-३ कामी येते. सिलियांसाठी मात्र तिच्यावर विसंबू नका.

तिसरा पर्याय प्रायमरी नाकपेशी: दात्याच्या नाकातून मऊ ब्रशने खरवडून किंवा शस्त्रक्रियेत निघालेल्या ऊतीतून काढलेल्या. यासाठी नीतिसमितीची मंजुरी आणि दात्याची लेखी संमती आधी लागते, नंतर मिळवून चालत नाही. तीन-चार आठवडे हवेवर वाढवल्या की त्यांना सिलिया फुटतात, श्लेष्मा येतो, थर खऱ्या अस्तरासारखा दिसू लागतो. तयार वाढवलेले थरही विकत मिळतात, महाग असतात, पण ज्यांच्याकडे दाते नाहीत त्यांना तोच मार्ग आहे. प्रायमरी पेशी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंतच वापराव्यात. पुढे त्या सिलिया करायचं विसरतात.

माझा सल्ला: पहिली चाळणी आरपीएमआय २६५० वर, बांधाचा अभ्यास कालू-३ वर, आणि शेवटी उरलेली दोन-तीन सांद्रणं निदान तीन दात्यांच्या प्रायमरी थरांवर. सगळं प्रायमरीवर करायला गेलात तर पैसे आणि दाते दोन्ही अर्ध्यात संपतात.

पेशी कुठल्याही असोत, मायकोप्लाझ्मा चाचणी केल्याशिवाय एकही प्लेट लावू नका. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, माध्यम गढूळही करत नाही, पण एमटीटी आणि दाहाचे आकडे हवे तसे फिरवतो.

थर वाढवणं: खालून पाणी, वरून हवा

नाकाच्या पेशी पाण्यात बुडून राहत नाहीत. त्यांना खालून रक्ताचं पोषण मिळतं आणि वरून हवा. प्रयोगशाळेत हेच सच्छिद्र पडद्याच्या इन्सर्टवर साधतात. ०.४ मायक्रोमीटर छिद्रांचा पॉलिएस्टर पडदा घ्या, तो पारदर्शक असल्याने पेशी दिसतात. १२ खणांच्या प्लेटमधल्या इन्सर्टचं क्षेत्रफळ १.१२ चौरस सेंटिमीटर असतं, २४ खणांच्या इन्सर्टचं ०.३३.

प्रायमरी पेशींसाठी पडद्यावर आधी कोलॅजनचा लेप द्यावा लागतो. पेशी लावल्यावर काही दिवस वर-खाली दोन्हीकडे माध्यम ठेवा. पडदा पूर्ण भरला, पेशींच्या मध्ये कुठे मोकळी जागा दिसेनाशी झाली, की वरचं माध्यम काढून टाका आणि यापुढे फक्त खालून पोसा. कालू-३ ला त्यानंतर दोन-तीन आठवडे, प्रायमरीला तीन ते चार. खालचं माध्यम दर दोन दिवसांनी बदला. श्लेष्मा साचू लागला की आठवड्यातून एकदा वरून कोमट बफर घालून, दहा मिनिटं थांबून, हलक्या हाताने काढून घ्या. प्रयोगाच्या आदल्या दिवशी हे धुणं करूनच ठेवा, नाहीतर एका इन्सर्टवर श्लेष्माचा जाड थर, दुसऱ्यावर पातळ, आणि घटकाचा परिणाम शोधता शोधता तुम्ही श्लेष्माची जाडी मोजत बसाल.

चांगला प्रायमरी थर ओळखायला यंत्र लागत नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर कमी भिंगात पाहिलं, की थराच्या वर अडकलेले मृत पेशींचे कण हळूहळू गोल फिरताना दिसतात. इन्सर्ट गोल असल्याने सिलियांनी ढकललेल्या श्लेष्माला बाहेर जायला वाट नसते, मग तो स्वतःभोवतीच भोवरा घालतो. पहिल्यांदा पाहणारा माणूस प्लेट हातात धरून पाच मिनिटं तरी हलत नाही. ज्या इन्सर्टमध्ये हे फिरणं नाही, तो प्रयोगात घेऊ नका.

मात्रा आणि वेळ: इथेच निम्मे प्रयोग फसतात

घटकाचं सांद्रण फवाऱ्यात जेवढं असतं तिथून सुरू करा. बेन्झाल्कोनियम ०.०२ टक्के म्हणजे मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम. तिथून निम्मं-निम्मं करत खाली सहा-सात पायऱ्या जा, आणि एक पायरी वरही, दुप्पट. वरची पायरी सुरक्षिततेला किती अंतर आहे ते दाखवते.

आता क्षेत्रफळाचा हिशेब करा. हा कोणी करत नाही. एका नाकपुडीत साधारण १०० मायक्रोलिटर फवारा जातो, म्हणजे ०.०२ टक्क्याने २० मायक्रोग्रॅम बेन्झाल्कोनियम. नाकाच्या आतलं एकूण क्षेत्रफळ दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास, पण फवारा सगळीकडे पसरत नाही, बराचसा पुढेच बसतो. समजा तो १० चौरस सेंटिमीटरवर बसला. मग प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २ मायक्रोग्रॅम येतात. आता ०.३३ चौरस सेंटिमीटरच्या इन्सर्टवर तुम्ही नेहमीच्या सवयीने १०० मायक्रोलिटर तेच द्रावण ओतलंत, तर दर चौरस सेंटिमीटरला ६० मायक्रोग्रॅम पडले. तीसपट! सांद्रण तेच, पण पेशीच्या वाट्याला आलेला साठा वेगळा. १० मायक्रोलिटर घातले तर ६ मायक्रोग्रॅम येतात, म्हणजे तिप्पट. हे बरंच जवळचं आहे. म्हणून वरून शक्य तितकं कमी द्रव घाला, आणि अहवालात सांद्रणासोबत दर चौरस सेंटिमीटरचा आकडाही लिहा.

वेळेचंही तसंच. साध्या द्रावणासाठी २० मिनिटं आणि एक तास अशा दोन वेळा पुरतात. पण घटक चिकटून राहण्यासाठीच घातलेला असेल, जसं कायटोसान, कार्बोमर किंवा गरम झाल्यावर घट्ट होणारा पोलोक्सॅमर ४०७, तर २० मिनिटांचा युक्तिवाद गळून पडतो. तिथे चार तासही ठेवा. शिवाय रोज वापरायचा फवारा असेल तर दिवसातून दोनदा, पाच-सात दिवस, अशी पुनरावृत्ती एकदा तरी करा. एकदा लावून शांत दिसणारा घटक सातव्या दिवशी थर उतरवतो, असं होतं.

द्रावण तयार करायला कॅल्शियम-मॅग्नेशियमसह एचबीएसएस (हँक्सचं क्षारद्रावण) वापरा, सीरम अजिबात नको. सीरममधली प्रथिनं बेन्झाल्कोनियमला बांधून ठेवतात आणि घटक आहे त्यापेक्षा सौम्य भासतो. द्रावण तयार झाल्यावर पीएच आणि ऑस्मोलॅलिटी मोजा. ऑस्मोलॅलिटी, म्हणजे द्रावणात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, किलोला साधारण २८० ते ३२० मिलिऑस्मोलच्या मध्ये असावी. ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल थोडं जास्त झालं तरी ती कितीतरी वर जाते, आणि पेशी आकसल्या तर तो दोष रेणूच्या विषारीपणाचा की फक्त खारटपणाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. फवाऱ्याचं मूळ सूत्रच तीव्र असेल तर तेवढीच ऑस्मोलॅलिटी मिठाने केलेलं द्रावण वेगळं कंट्रोल म्हणून ठेवा.

कॅल्शियमबद्दल एक अनुभव. आमच्याकडे एकदा सलग दोन दिवस कंट्रोलच्या इन्सर्टचाही विद्युतरोध तासाभरात निम्म्यावर येत होता. पेशी बदलल्या, इलेक्ट्रोड घासले, इन्क्युबेटरवर संशय घेतला. शेवटी फ्रिजमधली बाटली निरखली. कॅल्शियम असलेली आणि नसलेली एचबीएसएस, दोन्ही एकाच कंपनीची, एकाच आकाराची, लेबलावर फरक एका ओळीचा. कॅल्शियम नसलं की पेशींमधले सांधे आपोआप सुटतात. तेव्हापासून कॅल्शियम नसलेल्या बाटलीच्या झाकणावर आम्ही लाल पट्टी मारतो.

कंट्रोल कोणते हवेत

नुसतं बफर, पेशींना पूर्ण मारणारं ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट, आणि घटक ज्यात विरघळवला तो वाहक, हे तीन तर हवेतच. कायटोसानसाठी वाहक कंट्रोल विशेष महत्त्वाचा, कारण ते आम्लातच विरघळतं. पीएच ६.५ च्या वर गेला की ते धाग्यांसारखं खाली बसतं. तेव्हा कायटोसान ५.५ ला आणि कंट्रोल ७.४ ला असेल, तर तुम्ही आम्ल तपासलंत, कायटोसान नव्हे. बाजारात वर्षानुवर्षं असलेल्या एखाद्या फवाऱ्याचं सूत्र चौथा कंट्रोल म्हणून ठेवलं तर फार बरं. तुमचा आकडा कशाच्या तुलनेत वाईट, हे त्याशिवाय सांगता येत नाही.

पहिला प्रश्न: पेशी जिवंत आहे का

एमटीटी ही पिवळी पावडर. जिवंत पेशीतली विकरं तिचं जांभळे स्फटिक करतात. १९८३ पासून ही पद्धत वापरात आहे आणि आजही स्वस्तात होते. घटक धुऊन काढा, मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम एमटीटी घाला, तीन-चार तास इन्क्युबेटरमध्ये ठेवा, द्रव काढा, स्फटिक डीएमएसओत विरघळवा, ५७० नॅनोमीटरला वाचा. इन्सर्टवर करत असाल तर विरघळलेला रंग साध्या ९६ खणांच्या प्लेटमध्ये काढूनच वाचा.

एमटीटी फसवते ती अशी. एस्कॉर्बिक आम्लासारखे ऑक्सिडीकरण रोखणारे घटक पेशींशिवायच एमटीटी जांभळी करतात. म्हणून आधी रिकाम्या खणात फक्त घटक आणि एमटीटी घालून पाहा. रंग आला तर ही चाचणी त्या घटकासाठी बाद, किंवा धुणं दुप्पट करा. दुसरं, किंचित त्रास झालेली पेशी कधी कधी जास्त जोमाने काम करते आणि आकडा १२० टक्के येतो. तो आरोग्याचा पुरावा समजू नका.

म्हणून सोबत एलडीएच (लॅक्टेट डीहायड्रोजिनेज) हे पेशीतलं विकर मोजा. पेशीचं आवरण फुटलं की हे विकर बाहेर सांडतं. वरचं द्रव थोडं काढून अभिक्रियेच्या मिश्रणात घाला, अंधारात अर्धा तास ठेवा, ४९० नॅनोमीटरला वाचा. बफरचा आकडा शून्य टक्के, ट्रायटनचा शंभर टक्के धरून मधलं गणित करा. सीरममध्ये मुळातच एलडीएच असतं, त्यामुळे सीरम न वापरण्याचं हे दुसरं कारण. काही पृष्ठसक्रिय (साबणासारखे) घटक विकरच निकामी करतात. मग पेशी फुटलेल्या असूनही आकडा खाली राहतो. पेशी फोडून काढलेलं द्रव घ्या, त्यात घटक मिसळा, आकडा पडतो का पाहा. हे काम थोड्याच वेळाचं आहे, आणि ते न केल्याने उलटे निष्कर्ष छापले जातात.

एमटीटी खाली, एलडीएच वर: पेशी फुटल्या. एमटीटी खाली, पण एलडीएच शांत: आवरण शाबूत आहे, पण पेशीचा कारभार बंद पडतोय, उद्या पुन्हा पाहा. दोन आकड्यांची अशी जोडी लावली की बरंच कळतं.

सत्तर टक्क्यांची रेघ सगळे मारतात. ती आयएसओ १०९९३-५ मधली, म्हणजे वैद्यकीय उपकरणांसाठी लिहिलेली. नाकासाठी ती चाळणी म्हणून चालते, निवाडा म्हणून नव्हे.

दुसरा प्रश्न: बांध शाबूत आहे का

शेजारच्या पेशी एकमेकींना घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. थराच्या वर एक आणि खाली एक इलेक्ट्रोड ठेवून विद्युतरोध मोजला, की बांध किती पक्का ते कळतं. याला टीईईआर म्हणतात. हवेवरच्या थरावर मोजायला आधी वर कोमट बफर घालावं लागतं आणि १५-२० मिनिटं थर स्थिर होऊ द्यावा लागतो.

काडीसारख्या इलेक्ट्रोडचा एक पाय लांब, एक आखूड असतो. लांब पाय बाहेरच्या खणाच्या तळाला टेकवा, आखूड पाय आत पडद्याच्या वर अधांतरी राहिला पाहिजे. तो पेशींना घासला तर तुमचा बांध तुम्हीच फोडलात. काडी तिरपी धरली तर आकडा बदलतो, सरळ धरा, आणि तीन जागी मोजून सरासरी घ्या. प्लेट इन्क्युबेटरबाहेर आली की ती थंड होत जाते आणि रोध आपसूक चढत जातो. पहिल्या आणि शेवटच्या इन्सर्टमध्ये दहा मिनिटं गेली तर तो फरक घटकाचा नसतो, खोलीचा असतो. गरम पाटीवर मोजा, किंवा सगळ्या इन्सर्टना सारखीच वीस मिनिटं बाहेर ठेवून मग मोजा.

हिशेब असा: पेशींच्या इन्सर्टवर ४१० ओहम आला, रिकाम्या इन्सर्टचा १२०. फरक २९०. त्याला १.१२ ने गुणा, सुमारे ३२५ ओहम चौरस सेंटिमीटर. लोक इथे भागाकार करतात, तो चुकीचा. क्षेत्रफळ वाढलं की रोध कमी होतो, म्हणून गुणाकार.

रोधाचा आकडा एकटा पुरत नाही, कारण आयनांच्या वाटा उघडल्या-मिटल्या तरी तो हलतो. सोबत एखादा चमकणारा रेणू आरपार सोडा: सोडियम फ्लुओरेसिन लहान गळती दाखवतो, ४ हजार डाल्टनचा रंगवलेला डेक्स्ट्रान मोठी. रोध पडला आणि फ्लुओरेसिन गळू लागलं, पण डेक्स्ट्रान अडकून राहिलं, तर सांधे सैल झालेत, तुटलेले नाहीत. शोषण वाढवण्यासाठीच घातलेल्या घटकांत, उदाहरणार्थ डोडेसिल माल्टोसाइड किंवा कायटोसान, नेमकं हेच हवं असतं. तेव्हा बांध सैल होणं हा दोष की गुण, हे घटक कशासाठी घातलाय त्यावर ठरतं. ईडीटीएचं मात्र लक्षात ठेवा: ते कॅल्शियम ओढून घेऊन सांधे उघडतं, त्यामुळे बेन्झाल्कोनियमसोबत असलं की दोघांचा परिणाम एकत्रच तपासा. सुटे सुटे निरुपद्रवी ठरलेले घटक एका बाटलीत तसेच राहतील याची खात्री नाही.

तिसरा प्रश्न: सिलिया हलताहेत का

ही चाचणी फक्त प्रायमरी थरांवर होते, आणि मला विचाराल तर नाकासाठी सगळ्यात बोलकी हीच. सिलिया थांबल्या तर श्लेष्मा साचतो, आणि त्यात अडकलेले जंतूही तिथेच राहतात. शरीराच्या तापमानाला सिलिया सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलतात. सेकंदाला शंभराहून जास्त चित्रं टिपणारा कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला लावा, एका इन्सर्टवर सहा-आठ जागा आधीच ठरवून चित्रण करा, आणि गती संगणकाला मोजू द्या. आधीची, पाच मिनिटांची, वीस मिनिटांची, धुतल्यानंतरची, अशी क्रमाने नोंद ठेवा, त्याच जागेची.

तापमान इथे फार छळतं. प्लेट थंड झाली की सिलिया मंदावतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाची पाटी तापवलेली असावी आणि बफरही त्याच तापमानाचं. नुसता बफरचा थेंब घातला तरी पहिली काही मिनिटं गती हलते, म्हणून कंट्रोललाही थेंब हवाच. शिवाय गतीसोबत किती भाग हलतोय तेही नोंदवा. दहापैकी आठ पेशी थांबल्या आणि उरलेल्या दोन नेहमीच्या गतीने हलताहेत, तर सरासरी गती ‘काहीच झालं नाही’ असं सांगेल!

बेन्झाल्कोनियम प्रयोगशाळेत सिलिया थांबवतं, हे वारंवार दिसलं आहे. माणसांवरच्या अभ्यासांत मात्र चित्र इतकं सरळ नाही, काहींत त्रास दिसतो, काहींत नाही. नाकात ते पातळ होतं, वाहून जातं, श्लेष्मा त्याला अडवतो. प्लेटमध्ये यातलं काही पूर्णपणे घडत नाही. हा फरक लपवायचा नसतो, मोजायचा असतो: श्लेष्मा धुतलेला आणि न धुतलेला, अशा दोन्ही थरांवर तीच मात्रा लावून पाहा.

चौथा प्रश्न: पूर्ववत होतं का

संपर्काची वेळ संपली की घटक धुऊन काढा आणि थर पुन्हा हवेवर ठेवा. २४ तासांनी रोध, ४८ तासांनी पुन्हा. त्याच वेळी खालच्या माध्यमातला नमुना काढून उणे ८० अंशांवर ठेवा, त्यात आयएल-६ आणि आयएल-८ हे पेशींनी सोडलेले दाहाचे निरोप मोजता येतात. पेशी मेल्या नाहीत, बांधही सावरला, पण दाहाचे निरोप तिप्पट झाले, तर रोजच्या फवाऱ्यासाठी तो घटक मी घेणार नाही.

धुणं वाटतं तितकं सोपं नाही. पोलोक्सॅमरचं जेल कोमट बफरने निघत नाही. त्याला थोडं गार बफर घाला, ते पाण्यासारखं पातळ होतं आणि मग सुटतं. त्याच गार धुण्याचा एक कंट्रोलही ठेवा. मिथाइल केलेले सायक्लोडेक्स्ट्रिन पेशीच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल ओढून काढतात, तिथे धुतल्यानंतरचे २४ तासच खरं काय ते सांगतात. पावडर स्वरूपातलं औषध असेल तर ते विरघळवून तपासू नका, थरावर कोरडंच फुंकून घाला. कोरडा कण पेशीवर बसून पाणी ओढतो, तो ताण द्रावणात दिसत नाही.

किती वेळा करायचं

प्रत्येक मात्रेला तीन इन्सर्ट, आणि सगळा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पेशींच्या खेपेवर तीनदा. एका प्लेटमधले तीन इन्सर्ट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, एकाच प्रयोगाच्या तीन नोंदी आहेत. प्रायमरीसाठी मोजणी दात्यांची करायची. तीन दाते म्हणजे तीन, मग इन्सर्ट कितीही असोत. दमा, ॲलर्जी, धूम्रपान असलेल्या दात्यांच्या पेशी वेगळ्या वागतात. त्यांना गटात मिसळून सरासरी काढू नका.

पेशींना जे दिसत नाही

अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये जस्त असलेली, नाकात लावायची सर्दीची काही उत्पादनं वापरू नका असा इशारा दिला. वास गेल्याच्या १३० हून अधिक तक्रारी तोवर आल्या होत्या. त्याआधी १९३७ मध्ये टोरंटोत पोलिओ टाळण्यासाठी मुलांच्या नाकात जस्ताचं सल्फेट फवारलं होतं, आणि काहींचा वास कायमचा गेला होता. वासाचे चेतातंतू छताशी असतात. वर सांगितलेल्या तिन्ही पेशींपैकी एकीतही ते नाहीत, म्हणून इतक्या सगळ्या चाचण्या पास झालेला घटकही तिथे घात करू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हंगामात नाकातून दिलेल्या फ्लूच्या लशीनंतर चेहऱ्याच्या पक्षाघाताचे रुग्ण वाढले आणि ती लस मागे घेतली गेली. तिच्यात प्रतिकारशक्ती चेतवण्यासाठी एका जिवाणूच्या विषाचा अंश घातला होता. अस्तराच्या पेशी जिवंत आहेत का, या प्रश्नाचं उत्तर तिथे उपयोगाचं नव्हतं.

म्हणून अहवालाची शेवटची ओळ लिहिताना मी ‘सुरक्षित’ हा शब्द टाळतो आणि असं काहीतरी लिहितो: ‘०.००५ टक्के, दर चौरस सेंटिमीटरला १.५ मायक्रोग्रॅम, २० मिनिटं, सीरमविरहित, तीन दात्यांचे हवेवरचे थर. एलडीएच बफरइतकंच, रोध २४ तासांत पूर्ववत, सिलियांची गती धुतल्यानंतर तासाभरात मूळ पातळीवर. वासाच्या अस्तरावर तपासणी केलेली नाही.’ वाचणाऱ्याला ही ओळ लांब वाटते. पण पुढची चाचणी कुठली करायची, हे तिच्यातूनच ठरतं.